जहाज सरोवरात आलं कुठून? १८१२ च्या युद्धातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: ‘ब्रिटिशांचं आरमार जगात सगळ्यात मोठं होतं, मग त्यांनी चार युद्धनौका सरोवरात पाठवून अमेरिकेला गप्प का नाही केलं?’ आज फक्त यावरच बोलू.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. जून १८१२ मध्ये अमेरिकेनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. कॅनडा ब्रिटिशांकडे, सीमेवर ऑन्टॅरिओ आणि ईरी ही सरोवरं, आणि आजूबाजूला जंगल. रस्ते नावापुरतेच. धान्य, दारूगोळा, सैनिक सगळं पाण्यावरून जायचं, त्यामुळे सरोवर ज्याच्या ताब्यात त्याचं सैन्य जेवणार.

आता मुद्दा. नकाशा उघडा. समुद्रातून सेंट लॉरेन्स नदीनं मॉन्ट्रियलपर्यंत मोठं जहाज येतं. तिथून वर किंग्स्टनपर्यंत नदीत खळाळते उतार आहेत. सपाट तळाच्या होड्या दोर लावून, लांब काठ्या रेटून वर ओढायच्या, एवढंच शक्य होतं. किंग्स्टनला पोचलात की ऑन्टॅरिओ सरोवर. आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे? नायगारा धबधबा, आणि त्याच्या वर ईरी. म्हणजे ऑन्टॅरिओमधलं जहाजसुद्धा ईरीत जात नाही! प्रत्येक सरोवराचं आरमार त्याच सरोवराच्या काठी, तिथलंच झाड तोडून बांधायचं. लाकूड तिथं मुबलक. पण तोफा, नांगर, दोरखंड, शिडाचं कापड आणि खलाशी हे सगळं बाहेरून आणायचं.

अजून पटलं नसेल तर ब्रिटिशांचं ‘डेट्रॉइट’ हे जहाज बघा. ईरीच्या काठी ॲमहर्स्टबर्गला बांधलं. त्यांच्या ईरीवरच्या आरमारासाठी आलेलं सामान आणि तोफा यॉर्कला, म्हणजे आजच्या टोरोंटोत, साठवल्या होत्या. २७ एप्रिल १८१३ ला अमेरिकनांनी यॉर्क घेतलं आणि तो साठा गेला. जहाज तयार, तोफा नाहीत. शेवटी जवळच्या किल्ल्यावरच्या वेगवेगळ्या मापाच्या तोफा काढून चढवल्या. आता वेगवेगळं माप म्हणजे काय, ते नीट लक्षात घ्या: प्रत्येक तोफेला गोळा वेगळा, दारूचं माप वेगळं. लढाईच्या धुरात चुकीचा गोळा हातात आला की ती तोफ थांबली. त्यात बत्ती धड पेटेना, म्हणून तोफेच्या कान्यावर, म्हणजे बत्ती लावायच्या भोकावर, पिस्तूल झाडून बार काढावा लागला. ईरीवरच्या ब्रिटिश आरमाराचा कमांडर बार्कले शूर माणूस होता, ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत लढलेला. पण त्याच्या हाती हे असं सामान होतं.

अमेरिकनांकडे बघा, अडचण तीच. त्यांच्या ऑलिव्हर पेरीनं ईरीच्या काठच्या प्रेस्क आइल बंदरात ‘लॉरेन्स’ आणि ‘नायगारा’ ही दोन ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांची युद्धजहाजं, बांधून घेतली. नोआ ब्राउन मुख्य बांधणारा, ओक तोडायचा आणि ओलाच लावायचा. प्रत्येकावर २० तोफा. बंदर सुरक्षित होतं, कारण तोंडाशी वाळूचा दांडा होता. पण तोच दांडा आता आड आला: जहाजाला लागायचं सुमारे ९ फूट पाणी, आणि दांड्यावर ते जेमतेम ६ फूट.

हे कसं पार केलं ते नीट ऐका, कारण इथंच सगळे घाईत पुढे जातात. आधी तोफा आणि जड सामान उतरवून जहाज हलकं केलं. मग ‘कॅमल’, म्हणजे दोन मोठ्या बंद लाकडी पेट्या, जहाजाच्या दोन बाजूंना लावल्या. त्यात पाणी भरून त्या काठोकाठ बुडवल्या. तोफांच्या खिडक्यांतून आडव्या तुळया घालून त्यांची टोकं पेट्यांवर टेकवली, फटीत ठोकळे मारले. मग पेट्यांतलं पाणी उपसलं. पेट्या वर आल्या, त्यांच्याबरोबर जहाजही. एका खेपेत ‘लॉरेन्स’ पुरेसं उचललं गेलं नाही. पेट्या पुन्हा बुडवा, ठोकळे बदला, पुन्हा उपसा! आणि हे सगळं होताना जहाजावर तोफ नाही. बार्कलेनं बंदराबाहेर घातलेली नाकेबंदी जुलैअखेर उठली नसती, तर दोन्ही जहाजं वाळूवरच फुटली असती.

१० सप्टेंबर १८१३ ची ईरी सरोवरावरची लढाई तुम्हाला ठाऊक असेल. ‘लॉरेन्स’चा चुराडा झाला, पेरी होडीतून ‘नायगारा’वर गेला आणि ब्रिटिशांची सहाही जहाजं हाती लागली. सगळे त्या होडीबद्दल विचारतात. मी म्हणतो, ‘नायगारा’ दांड्यापलीकडे आलंच नसतं तर पेरी जाणार कुठं होता?

‘मग ही जहाजं आज का दिसत नाहीत?’ असंही एकानं विचारलंय. ओलं लाकूड काही वर्षांत कुजतं. याच काळात मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ ला पाण्यात उतरलं आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय.

ऑन्टॅरिओवर तर ही शर्यत हाताबाहेर गेली. ब्रिटिशांनी किंग्स्टनला ११२ तोफांचं ‘सेंट लॉरेन्स’ बांधलं. गोड्या पाण्यात तरंगायचं असल्यानं पिण्याच्या पाण्याची पिंपं ठेवायला खोल तळ लागत नव्हता, हा एक फायदा. पण जंगलाच्या काठावर एवढ्या तोफा! ते बाहेर पडल्यावर अमेरिकन आरमार बंदरातून हललं नाही आणि त्या जहाजाला एकही लढाई करावी लागली नाही. १८३२ ला ते २५ पौंडांना विकलं.

‘सायकी’ हे ब्रिटिशांचं फ्रिगेट, म्हणजे तीन डोलकाठ्यांचं युद्धजहाज, तर इंग्लंडमध्ये तुकड्यांत तयार करून पाठवलं होतं. तुकडे समुद्रानं मॉन्ट्रियलला, तिथून त्याच खळाळत्या नदीवाटेनं किंग्स्टनला. प्रचंड खर्च करून ते जोडलं आणि २५ डिसेंबर १८१४ ला पाण्यात सोडलं. युद्ध संपवणाऱ्या तहावर सही आदल्या दिवशीच, २४ डिसेंबरला, आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात झाली होती.