खापरांतून निघालेला कोश

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्यांचं आडनाव होतं क्रम. वॉल्टर क्रम. कोशकाराला याहून शोभेल असं आडनाव शोधून सापडायचं नाही. फक्त त्यातली गंमत मराठी कानालाच कळायची!

जन्म १८६५ सालचा, स्कॉटलंडमधला. पॅरिस आणि बर्लिनला शिकले. पिरॅमिड आणि ममींच्या झगमगाटाकडे सगळ्यांचे डोळे असताना यांनी कॉप्टिक धरली. कॉप्टिक म्हणजे फेरोंचीच, प्राचीन इजिप्तच्या राजांचीच भाषा, पण तिच्या उतारवयातली. ग्रीक अक्षरांत लिहिलेली, आणि ग्रीकमध्ये नसलेल्या उच्चारांसाठी जुन्या इजिप्ती लिपीतली सहा-सात अक्षरं ठेवलेली. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. त्यामुळे सोन्याच्या शब्दात न आणि ब दिसतात, पण तो म्हणायचा कसा? कॉप्टिक सांगते: नूब.

क्रम रमले ते मात्र खापरांत. नाईलच्या पश्चिम तीरावर, देर-अल-बहरीला, राणी हातशेपसुतच्या मंदिरातच पुढे ख्रिस्ती मठ उभा राहिला. तिथल्या साधूंना पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, परवडायचा नाही, मग फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर शाईनं चिठ्ठी. कुणाला धान्य हवंय, कुणाचं देणं थकलंय. काही जण तर आधी माफी मागतात: पपायरस मिळाला नाही, राग मानू नका. अशी खापरं वाचून क्रम यांनी १९०२ मध्ये ग्रंथ काढला.

मग कॉप्टिकचा कोश. आपल्या मोल्सवर्थसाहेबांना अडलं तर विचारायला पंडित होते, बाजारात बोलणारी माणसं होती. कॉप्टिक बोलणारं घर क्रम यांच्या काळात कुठे उरलं होतं? भाषा उरली ती चर्चच्या प्रार्थनेत. म्हणून प्रत्येक शब्दाला साक्षीदार हवा, हस्तलिखितातला नाहीतर खापरावरचा. त्यात बोलींचा घोळ. ‘माणूस’ दक्षिणेत रोमे, उत्तरेत रोमी, फय्यूमकडे चक्क लोमी! क्रम यांनी तिन्ही रूपं एकाच नोंदीत आणली आणि शब्द लावले व्यंजनांच्या हिशेबानं.

ऑक्सफर्डहून १९२९ पासून भाग निघत गेले. शेवटचा आला १९३९ मध्ये, तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते. १९४४ मध्ये ते गेले. आजच्या ऑनलाइन कॉप्टिक कोशातही शब्दाखाली क्रमांच्या पानाचा आकडा दिलेला असतो.