ताण किती किलोंचा? मोठ्या माशासाठी रॉड, रीळ आणि दोरी
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

दृश्य: रिळाचा क्लोजअप. दोरी सुसाट बाहेर चालली आहे, स्पूलवरून पाण्याचे तुषार उडताहेत.

ट्यूना गळाला लागला की पहिल्या धावेत शंभर-दीडशे मीटर दोरी एका दमात नेतो. त्या वेळात रॉड धरणाऱ्याच्या हाती फारसं काही नसतं. माशाला तोंड देत असतात रिळाच्या आतल्या चकत्या, दोरी, दोन गाठी, एक क्रिम्प (दोरी दाबून पकडणारी धातूची नळी) आणि एक गळ. यातला जो भाग सगळ्यांत कच्चा, तेवढीच सगळ्या सामानाची ताकद. आणि तो कुठला असेल हे बोट सुटायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

दृश्य: धक्का. रॉड होल्डरमध्ये उभा. दोरीच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा.

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. दोरी हातानं ओढून बघायची आणि 'बरोबर वाटतंय' म्हणायचं, ही सवय मोठ्या माशाच्या बाबतीत सोडावीच लागते. हाताला सहा किलो आणि दहा किलो यातला फरक कळत नाही. दोरीला मात्र कळतो.

दोरी रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवायची, रॉड लढताना वाकतो तसा वाकवायचा आणि काटा सावकाश ओढायचा. दोरी सुटते त्या क्षणी काटा उडी मारतो. तो आकडा धरायचा नाही. दोरी एकसारखी चालू झाल्यावर काटा जिथे स्थिरावतो, तो तुमचा ड्रॅग. उडी आणि स्थिर आकडा यात मोठी तफावत दिसली, तर चकत्या चिकटताहेत असं समजावं. त्या उघडून पुसाव्यात, ड्रॅगचं ग्रीस अगदी पातळ लावावं आणि पुन्हा मोजावं. मासा दोरी तोडतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या झटक्यात. एकसारख्या ओढीनं दोरी सहसा तुटत नाही.

हिशेब सोपा आहे. दोरी जितक्या किलोंना तुटते, त्याच्या पाव ते एक-तृतीयांश ड्रॅग ठेवायचा. 24 किलोच्या दोरीला 6 ते 8 किलो, 37 किलोच्या दोरीला 9 ते 12. उरलेली ताकद वाया जात नाही. थोडी गाठीत खर्च होते, थोडी कड्यांच्या घर्षणात, आणि खूपशी पाण्यात मागे ओढल्या जाणाऱ्या दोरीच्या बाकात.

लिव्हर ड्रॅगच्या, म्हणजे दांडा पुढे-मागे करून ब्रेक कमी-जास्त करायच्या रिळावर आधी लिव्हर पूर्ण मोकळा करायचा, मगच प्रीसेटची, म्हणजे ड्रॅगचा जोर आधी ठरवून ठेवायची घुंडी फिरवायची. लिव्हर पुढे असताना ती फिरवली तर आतल्या भागांवर नको तेवढा दाब येतो. हवा तो आकडा 'स्ट्राइक'च्या, म्हणजे मासा लागताना लिव्हर असतो त्या खाचेवर मिळाला पाहिजे. तो मिळाल्यावर लिव्हर मागे आणून स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं चाक, मोकळं फिरतंय ना, हेही बघायचं.

दृश्य: स्पूल जवळून. दोरी निम्म्याहून कमी उरली आहे.

या ठिकाणी जाणकारांचीही दोरी तुटते. दोरी बाहेर जाते तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो. ब्रेक तोच, पण आता तो लहान चाकावर लागतो. व्यास निम्मा झाला की 8 किलोंचा ड्रॅग दोरीवर 16 किलोंचा होतो. त्यात दोनशे मीटर दोरीला पाण्याचा अडथळा. अशा वेळी मासा थांबत नाही म्हणून लिव्हर पुढे ढकलायचा मोह होतो, आणि नेमकं तेव्हाच तो थोडा मागे घ्यायचा असतो. दोरी परत आली की पुन्हा जागेवर.

दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी होड्या, टोप्या घातलेली माणसं, टांगलेले मासे.

हा ब्रेक रिळात यायला वेळ लागला. 1898 साली कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी 183 पौंडांचा, म्हणजे 83 किलोंचा ब्लूफिन ट्यूना रॉडवर पकडला. त्याच वर्षी बेटावरच्या ॲव्हलॉन गावात ट्यूना क्लब सुरू झाला. तेव्हाच्या रिळांत आत काहीच नव्हतं. स्पूलवर चामड्याचा तुकडा असे, तो अंगठ्यानं दाबायचा. मासा धावला की मूठही उलटी गरगर फिरे आणि बोटं फोडून काढी. दोरी तागासारख्या लिननची. ती रोज सुकवावी लागे, नाहीतर कुजे.

पुढे विल्यम बोशेन यांच्या कल्पनेवरून ज्युलियस व्हॉम होफ यांनी ब्रेक आत असलेलं रीळ बनवलं. मासा दोरी ओढत असला तरी मूठ जागेवर राहू लागली. 1913 साली बोशेन यांनी कॅटलिनाजवळच ब्रॉडबिल स्वोर्डफिश रॉडवर काढला. आज मोठ्या माशाच्या रिळात जे असतं, त्याचं मूळ तिथे आहे. चकत्या कार्बन फायबरच्या झाल्या, घडण धातूच्या ठोकळ्यातून कोरलेली झाली, पण काम तेच.

1939 साली मासेमारीचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन स्थापन झाली आणि दोरी किती वजनाला तुटते त्यावरून तिचे वर्ग रूढ झाले. 24, 37, 60 किलो हे आकडे विचित्र वाटतात, कारण मुळात ते 50, 80 आणि 130 पौंड आहेत. 4 ऑगस्ट 1953 रोजी पेरूच्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेल यांनी पकडलेला ब्लॅक मार्लिन 1560 पौंडांचा होता, म्हणजे 707 किलो. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

दृश्य: टेबलावर दोन दोऱ्या शेजारी शेजारी. बोटं गाठ विणताहेत.

आता दोरी. एक तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी. दुसरी ब्रेडेड, बारीक धाग्यांची विणलेली. तंगूस ताणला जातो, झटका पोटात घेतो, खडकावर घासला तरी थोडा तग धरतो. ब्रेडेड जवळजवळ ताणतच नाही. तेवढ्याच ताकदीला ती कितीतरी बारीक असते, म्हणून रिळावर दुप्पट मावते आणि खोल पाण्यात प्रवाहानं कमी वाहते. खडकाला घासली की मात्र कापल्यासारखी जाते. म्हणून रिळात ब्रेडेड भरायची आणि पुढे तंगूसाचा लीडर, म्हणजे गळाकडचा जाड तुकडा, जोडायचा. ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, पुढचे पन्नास-शंभर मीटर तंगूसच ठेवावा. बोट चालू असताना लागणारा पहिला झटका त्याच्या ताणात जिरतो.

ब्रेडेड भरताना होणाऱ्या दोन चुका मोठा मासा लागेपर्यंत दिसत नाहीत. पहिली, ती कोऱ्या स्पूलवर थेट गुंडाळणं. सगळी गुंडाळी एकसंध घसरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. तळाला थोडा तंगूस किंवा चिकटपट्टी हवी. दुसरी चूक सैल गुंडाळण्याची. ताण आल्यावर वरची दोरी खालच्या थरात रुतते आणि पुढच्या धावेला अडकून तुटते. ओल्या फडक्यात घट्ट धरून, हाताला चटका बसेल इतक्या ताणात ती भरावी.

ब्रेडेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ. लीडरला गाठ पडतच नाही. ब्रेडेडच त्याच्याभोवती उजवी-डावी विणली जाते. वीसेक वेढे, मग ओलं करून दोन्हीकडून जोर लावून ओढायचं. ब्रेडेड लीडरमध्ये रुतली की तिचा रंग गडद होतो. तो गडद झाला नाही तर गाठ कितीही सुबक दिसो, ती घसरणार. मग अर्ध्या गाठींनी बंद करायचं आणि लीडरचं टोक अगदी लागून कापायचं, म्हणजे कड्यांतून गाठ अडखळत नाही.

जाड लीडरला गळ बांधताना गाठ नीट बसत नाही, तिथे क्रिम्प. तंगूसाला ॲल्युमिनियमची दुहेरी नळी, तिच्याच मापाच्या क्रिम्परनं दाबलेली. साध्या पक्कडीनं नव्हे. नळीची दोन्ही टोकं न दाबता किंचित फुललेली ठेवायची. टोकापर्यंत दाबलं तर धातूची कड लीडरला चिरते.

सुरमईसारखा करवती दातांचा मासा असेल तर गळाशी वीतभर एकेरी तार लागते. तारेचा पीळ संपला की उरलेलं टोक कापू नये, वाकवून मोडावं. कापलेल्या टोकाला धार राहते आणि ती माणसाचाच हात फाडते.

दृश्य: बोटीच्या मागे पांढरा फेस, त्यातून रंगीत ल्यूर उसळताहेत. वरून घेतलेलं चित्रण.

ट्रोलिंगमध्ये झालर लावलेली ल्यूर, म्हणजे नकली आमिष, साधारण 6 ते 9 नॉट वेगानं ओढतात. जिवंत आमिष असेल तर 2-3 नॉट पुरेत. बोटीमागे लाटांच्या ओळी उठतात. ल्यूर लाटेच्या पुढच्या, बोटीकडच्या उतारावर बसली पाहिजे. एक दुसऱ्या-तिसऱ्या लाटेवर, एक चौथ्या, बाकीच्या आउटरिगरवरून, म्हणजे बोटीच्या बाजूंना काढलेल्या लांब काठ्यांवरून, बाहेर आणि त्याहून मागे. नीट चालणारी ल्यूर दर काही सेकंदांनी वर येऊन हवा घेते आणि बुडबुड्यांची शेपटी सोडत खाली जाते. ती पाण्याबाहेर उड्या मारत असेल तर दोरी थोडी सोडावी किंवा वेग उतरवावा. नुसतीच बुडून राहिली तर लाटेवरची जागा बदलावी. वळण घेताना तांडेलानं सुकाणू हळूच फिरवायचं. नाहीतर आतल्या बाजूच्या ल्यूर मंदावतात, खाली बसतात आणि दोऱ्यांचा गुंता होतो.

दृश्य: खडकाजवळ फेसाळ पाणी. पॉपर पडतो, पाणी फुटतं.

जायंट ट्रेव्हली या खडकाजवळच्या ताकदवान माशासाठीचा पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करत ओढायचं नकली आमिष, हा जोराचा कारभार. पीई (ब्रेडेडच्या जाडीचं माप) 8 ते 10 क्रमांकाची ब्रेडेड, दीडशे-दोनशे पौंडांचा लीडर, ड्रॅग दहा किलोंच्या आसपास किंवा वर. इतका कशाला? मासा लागताच खडकाकडे वळतो आणि त्याला तिथे पोहोचू द्यायचं नसतं. तिहेरी गळ काढून एकेरी, टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकलेला गळ लावावा. त्यानं मासे निसटतात हा समज आहे. दोरी ताठ ठेवली तर ते निसटत नाहीत.

उभ्या दोरीवरचं जिगिंग, म्हणजे जिग हे धातूचं जड नकली आमिष खाली सोडून वर-खाली नाचवणं, खोल पाण्यात चालतं. बोट वाहू द्यायची आणि जिग सरळ खाली जाईल इतकं वजन घ्यायचं. दोरी तिरपी गेली की जिगची चाल बिघडते.

दृश्य: जिवंत आमिषाला दोऱ्यानं गळ बांधला जातोय.

आमिषावर सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ वापरावा; टोक बाजूला मुरडलेला नको. तो आमिषाच्या अंगात खुपसायचा नाही. डोळ्यांच्या खाचेतून दोरा ओवून वर बांधायचा, म्हणजे टोक मोकळं राहतं. मासा आमिष घेऊन चालू लागला की झटका मारायचा नाही. लिव्हर हळूहळू पुढे, दोरी ताठ, बस्स. मासा वळतो आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका मारला तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो.

दृश्य: कमरेला पट्टा, पाठीला हार्नेस. रॉड वाकलेला, समोर निळं पाणी.

लढताना रॉड फार वर नेऊ नये. उभा केलेला रॉड टोकाशी वाकतो, सगळा भार बारीक भागावर येतो आणि ग्राफाइटचा रॉड तिथेच मोडतो. उचल वीतभर, मग खाली येताना एक-दोन फेऱ्या गुंडाळायच्या. वजन हातांवर न घेता हार्नेसमध्ये, म्हणजे रिळाला जोडलेल्या पाठीच्या पट्ट्यांत, बसल्यासारखं मागे सोडायचं. ट्यूना बोटीखाली गोल फिरू लागला की निम्म्या फेरीत तो आपल्याकडे येत असतो. तेवढ्यातच दोरी मिळवायची, उरलेल्या निम्म्या फेरीत नुसती टिकवायची.

हलक्या दोरीवर मोठा मासा तासन्‌तास दमवण्याला अनेक जण कसब म्हणतात. आम्ही म्हणत नाही. पेलेल तितकी जड दोरी, मोजलेला ड्रॅग आणि लहान लढत, हेच माशाच्या बाजूचं.

दृश्य: हातमोजे घातलेले हात लीडर धरताहेत.

लीडर धरणाऱ्यानं हातावर दोन वेढे घ्यायचे, बोटं उघडताच सुटतील असे. पायाखाली लीडरची वळी राहू द्यायची नाही. मासा पुन्हा धावला तर धरणारा लीडर सोडून देतो, म्हणून रिळावरचा ड्रॅग या वेळी वाढवलेला नसावा. हार्नेस रिळाला अडकवलेला असताना मागे कुणीतरी दोरी कापायला सुरी घेऊन उभं असलंच पाहिजे.

दृश्य: मार्लिन बोटीच्या कडेला. बोट हळूहळू पुढे जाते.

सोडायचा मासा पाण्याबाहेर काढू नये. चोच धरून, तोंड पुढे ठेवून बोट संथ चालवायची; ट्यूना आणि मार्लिनच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं ते पोहताना. खोलातून आलेल्या माशाचं पोट तोंडावाटे बाहेर आलं असेल तर ते टोचायचं नाही, वजन लावलेल्या क्लिपनं त्याला खोलात परत न्यायचं. लांब लढतीनं थकलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरू शकतो, शार्कच्या तोंडीही जातो.

दृश्य: बर्फाची पेटी. खलाशी ट्यूनाचं रक्त काढतोय.

ठेवायचा ट्यूना लगेच मारून रक्त काढावं आणि बर्फ व समुद्राचं पाणी मिसळलेल्या पेटीत पूर्ण बुडवावा. लढतीत त्याचं अंग तापलेलं असतं. उशीर झाला तर मांस फिकट, आंबूस होतं आणि पुढे हिस्टामिन वाढून खाणाऱ्याला बाधतं.

दृश्य: धक्क्यावर रॉड धुतले जाताहेत.

गोडं पाणी हलक्या धारेनं मारायचं. जोराची धार मीठ रिळाच्या आत ढकलते. कड्यांतून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापूस अडकला तिथे कडी तडकलेली आहे, ती बदलायची. लीडरचे शेवटचे दोन मीटर कापून टाकायचे, गाठ आणि क्रिम्प नव्यानं करायचे, मग पुन्हा वजनकाटा लावून ड्रॅग मोजायचा.