तुमचाच दाखला, तुम्हीच आणा

मंडळी, किती जणांच्या घरी दाखल्यांची, पावत्यांची आणि झेरॉक्सची एक पिशवी आहे? हात वर करा. मागच्या रांगेतल्या आजींनी तर दोन्ही हात वर केलेत. माझा विषय तीच पिशवी आहे.

वडील गेले, तेव्हा पंचवटीतल्या घराच्या घरपट्टीवर आईचं नाव लावायचं होतं. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण दुखणं एकाच जागेचं नाही. अर्ज दिला, बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीच्या टेबलावर, शिक्का बसला. बारा दिवसांनी गेलो तर वर शेरा: ‘मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत जोडावी.’ तो दाखला त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावरून मिळालेला! टेबलावरच्या बाईंना म्हणालो, “ताई, खालच्या रजिस्टरला बघता का? नोंदणी क्रमांक अर्जात लिहिलाय.” त्या म्हणाल्या, “काका, मला कळतंय. पण फाईलला कागद नसला तर ऑडिटला उत्तर मी द्यायचं.” खरं बोलत होत्या. त्यांच्यावर चिडून काय उपयोग?

स्वसाक्षांकित प्रत चालते, हे शासनानं 2015 सालीच सांगितलंय. तरी मी राजपत्रित अधिकारी शोधत फिरलो. मग भावंडांच्या ना हरकत पत्राची मागणी आली. बहीण सिन्नरला असते, तिची सही घेऊन आलो, तर वडिलांच्या नावापुढे एका कागदावर ‘राव’ आणि दुसऱ्यावर नाही. पुन्हा प्रतिज्ञापत्र. सात हेलपाटे, चार महिने. आई दर वेळी दारातच विचारायची, “झालं का रे?” शेवटच्या दोन खेपांना तिनं विचारलंच नाही. मला तेच जास्त लागलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भराभर मांडतो.

शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर वर्गवार लावून घेतलं, निरुपयोगी कागद निकाली काढले, कार्यालयाची मांडणीच बदलली. तो ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. तेव्हा संगणकही नव्हता. म्हणजे कागद सापडणं हा यंत्राचा नव्हे, शिस्तीचा प्रश्न आहे.

दुसरं, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा. सेवा अधिसूचित असेल तर मुदत ठरलेली असते. अर्जाची पोच घ्याच. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

आणि माझी मागणी: जो कागद कार्यालयानं स्वतः दिलाय, तो नागरिकाकडे मागू नये. अर्जात क्रमांक आणि तारखेचा रकाना ठेवा, पडताळणी टेबलानं करावी. त्या पडताळणीची सही ऑडिटनं पुरावा म्हणून मान्य केली, तर त्या ताईंचीही भीती जाईल. त्यासाठी लेखी आदेश लागेल. तो प्रत्येक वॉर्डातून आपल्या नगरसेवकाकडे मागूया.

आजींना काहीतरी विचारायचंय. माईक तिकडे द्या.