घोरणाऱ्याच्या छातीचा जुना सीटी

कोविडच्या लाटांमध्ये ठाण्यात किती जणांनी छातीचा एचआरसीटी काढला, हे तुम्हाला सांगायला नको. नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत कितीतरी घरांच्या कपाटात ती फिल्म अजून पडून असेल. तेव्हा सगळ्यांचं लक्ष फुप्फुसांकडे होतं, आणि ते योग्यच होतं. पण त्याच फिल्ममध्ये हृदयही असतं. घरात कुणी जोरात घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर ती फिल्म पुन्हा उघडायला लावा, एवढ्यासाठी मी आज तुमच्यापुढे उभा आहे.

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. तो पहिल्यांदा लक्षात येतो शेजारी झोपणाऱ्याच्या. घोरणं चढत जातं आणि एकदम थांबतं. छाती-पोट हलत असतं, पण घसा आतून मिटलेला असल्यामुळे हवा आत जात नाही. मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज, कूस बदलणं, की पुन्हा घोरणं सुरू. श्वास असा १० सेकंद किंवा जास्त अडला की तो अ‍ॅप्निया. पूर्ण अडलेले आणि अर्धवट अडलेले श्वास मिळून तासाला ३० किंवा त्याहून जास्त झाले, तर आजार तीव्र. म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांना एकदा! दर वेळी ऑक्सिजन उतरतो, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, बीपी चढतं. झोपेत बीपी खाली यायला हवं. यांच्यापैकी अनेकांचं येतच नाही.

शिवाय मिटलेल्या घशातून हवा ओढायला छाती जोर लावते, तेव्हा हृदयाच्या डाव्या कर्णिकेची, म्हणजे डावीकडच्या वरच्या कप्प्याची, पातळ भिंत ताणली जाते. वर्षानुवर्षं हे चाललं की कर्णिका मोठी होते आणि ठोके बेताल पडण्याचा, त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ही कर्णिका मोजता येते. लोक रिपोर्टवर ‘ईएफ ६० टक्के’, म्हणजे हृदयाचं पंपिंग ठीक, एवढं वाचून निर्धास्त होतात. अ‍ॅप्नियाच्या पेशंटने तेवढ्यावर थांबू नये. डावी कर्णिका केवढी आहे आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब किती, हेही विचारावं.

आता रक्तवाहिन्या. हृदयाच्या धमन्यांच्या, म्हणजे कोरोनरींच्या, भिंतीत किती कॅल्शियम साठलं आहे, ते कॅल्शियम स्कोअर सांगतो. त्याचा सीटी इंजेक्शनशिवाय, ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून काढतात. अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्याची मोजणी बसवली. शून्य म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही, १०० च्या वर गंभीरपणे घ्यायचं, ४०० च्या वर धोका बराच. अ‍ॅप्नियाच्या पेशंटमध्ये कॅल्शियम जास्त आढळतं. त्यात वजन, बीपी, मधुमेह यांचाही वाटा असतोच. जुन्या एचआरसीटीत धडधडीमुळे चित्र थोडं हललेलं असतं, त्यामुळे अचूक आकडा मिळणार नाही. पण हृदयावरून उतरणाऱ्या धमनीत चुन्यासारखी पांढरी रेघ असली, तर रेडिऑलॉजिस्टला ती दिसते, आणि ‘नाही, थोडं, बरंच’ एवढं तो नक्की सांगू शकतो.

शून्यावर मात्र फार विसंबू नका, विशेषतः चाळिशीच्या आत. कॅल्शियम न साठलेला मऊ थर या तपासणीत दिसत नाही, आणि आपल्याकडे हार्ट अटॅक लवकरच्या वयात येतो.

हे सगळं बघायचं कशाला, घसा उघडा राहावा म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लावलं की झालं, असं काही जण म्हणतात. २०१६ मध्ये ‘सेव्ह’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७०० च्या आसपास पेशंट त्यात होते. मशीनमुळे दिवसाचं पेंगणं कमी झालं, पण अटॅक आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. मशीनचा सरासरी वापर होता रात्री साडेतीन तासांहून कमी. माझ्या मते मशीन रात्रभर लावायचंच, पण हृदय एकट्या मशीनच्या भरवशावर सोडायचं नाही. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू करायचं का, बीपी किती खाली आणायचं, हे ठरवताना त्या पांढऱ्या रेघेचा खरा उपयोग होतो.

तेव्हा फिल्म किंवा सीडी घेऊन जा आणि नेमकं विचारा: ‘मला अ‍ॅप्निया आहे, कोरोनरीत कॅल्शियम दिसतंय का?’ ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, त्यांना हा स्कोअर काढायची गरज नाही. त्यांचा धोका आधीच ठरलेला आहे, त्यांची औषधं चालूच राहतील.