बॉक्स उतरवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. जुनी मारुती 800 आहे, पहिला गिअर टाकताना दांडा अडतो, रिव्हर्सला कर्रर्र होतं. गाडी गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘बॉक्स उतरवावा लागेल.’ बॉक्स म्हणजे गिअरबॉक्स. जरा दम धरा. आधी दोन फुकटातल्या परीक्षा घ्या.

पहिली. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा बसला नाही तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडा, पुन्हा दाबा आणि टाका. मग इंजिन चालू करून हेच करा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष क्लचकडे. तो पुरता सुटत नाहीये, म्हणजे पॅडल दाबूनही इंजिनाची पकड गिअरबॉक्सवरून सुटत नाही. दोन्ही वेळा जड, तर लिंकेज, म्हणजे दांड्यापासून बॉक्सपर्यंतची जोडणी, त्याचे बुश किंवा बॉक्सच्या आत. पुन्हा सांगतो, बंद असताना हलका, चालू असताना जड, म्हणजे क्लच.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची. इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग, म्हणजे दात जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी, नसते. म्हणून क्लच जरासा जरी धरत असला तरी एवढं थांबूनही रिव्हर्स लगेच ओरडतो.

आता रत्नागिरीकडच्या एका 800 चा किस्सा. हा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गाडी एका निवृत्त गुरुजींची. रिव्हर्स ओरडायचा. पॅडलपासून क्लचपर्यंत जाणारी केबल बदलली, चार दिवस बरं. मग पुन्हा तेच. क्लचच्या आर्मवरचा, म्हणजे केबल गिअरबॉक्सवरचा जो दांडा ओढते त्याच्यावरचा, नट आवळला, पुन्हा चार दिवस बरं. आवळता आवळता नटाचे आटे संपले. मग बॉक्स उतरवला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवं. गाडी बाहेर काढायला रिव्हर्स टाकला आणि कर्रर्र! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शेजारी पत्रेकाम करणारा एक पोरगा हे बघत होता. त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च घेतला आणि म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही फक्त पॅडल दाबत राहा.’ पॅडल तळाला जातंय, पण गिअरबॉक्सवरचा आर्म जेमतेम हलतोय. मग मधली हालचाल गेली कुठे? पोराने उजेड केबलच्या मागे मागे नेला. इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्यात केबल जिथे शिरते, तिथे प्रत्येक दाबाला पत्रा आत, पायाकडे दबत होता! पॅडल सोडलं की परत जागेवर. आतलं कार्पेट उचललं, तर खालचा नमदा पावसाळ्याच्या पाण्याने भिजलेला आणि भोकाभोवतीचा पत्रा गंजून कागद झालेला. केबलच्या बाहेरच्या नळीला टेकायला घट्ट जागाच नव्हती, पायाचा जोर पत्रा खात होता. बॅटरीची तार काढून, नमदा बाजूला करून, गंजका भाग कापून जाड पत्र्याचा तुकडा वेल्ड केला. नट मागे घेऊन फ्री प्ले, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची पॅडलची मोकळी हालचाल, जुळवला. रिव्हर्स गुपचूप पडला.

(म्हणूनच त्या जाड फोमच्या मॅट मला आवडत नाहीत. पाणी धरतात आणि पॅडल तळाला जाऊ देत नाहीत. सिग्नलला क्लच दाबून पहिल्यात उभे राहणारेही तसेच, रिलीज बेअरिंग खातात.)

तेव्हा लक्षात ठेवा, एकाने पॅडल दाबायचं, दुसऱ्याने आर्म बघायचा. एकाने दाबायचं, दुसऱ्याने बघायचं. पॅडलचा फ्री प्ले साधारण 15 ते 25 मिलिमीटर. जास्त असेल तर क्लच सुटत नाही, अजिबात नसेल तर प्लेट घसरते. केबलची एखादी तार तुटलेली दिसली तर केबल बदलाच. हायड्रॉलिक क्लचच्या, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या गाडीत पॅडल चार-पाच वेळा भराभर मारून गिअर हलका पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचे रबर गेलेत. आर्म पूर्ण हलतोय आणि तरीही रिव्हर्स ओरडतोय, तर मात्र प्लेट वाकली असेल किंवा शाफ्टवर गंजून अडकली असेल. तेव्हा बॉक्स उतरवायला हरकत नाही.

वेळ थोडा उरलाय. एकच गिअर, बहुधा दुसरा, खाली आणताना ओरडत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. सकाळी थंडीत जड आणि गरम झाल्यावर हलका, तर आधी गिअरबॉक्सचं ऑइल बदला. मॅन्युअलमध्ये जीएल-4 हा गिअर ऑइलचा दर्जा लिहिलं असेल तर जीएल-4 च. काही जीएल-5 ऑइल पितळी रिंगांना मानवत नाहीत. जुनं ऑइल पांढऱ्या थाळीत काढून उन्हात धरा. बारीक सोनेरी चमक म्हणजे पितळ, रिंग झिजतेय. पोलादाचे कण बोटाला टोचले, तर बेअरिंग किंवा दात गेलेत.