खिडकीतला कप

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप असायचा. कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहा त्यात. चहा झाला की त्या स्वतःच तो विसळून खिडकीत पालथा घालायच्या. कपाटातल्या कपांत तो कधी गेला नाही. असा नियम कुणी सांगितला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता. मीही नाही. आणि त्याच घरात मी जातिभेदाविरुद्ध तावातावानं बोलत असे.

तो कप मला खुपू लागला जोतीराव फुल्यांच्या हौदामुळे. पुण्याच्या गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांनी 1868 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. तेव्हा पाणवठ्यावर या माणसांनी हात लावायचा नाही, कुणी वरून ओंजळीत पाणी घालेल म्हणून ताटकळायचं. मुलींची शाळा फुल्यांनी 1848 मध्येच काढली होती. पण हौद घरचा. विटाळ मानायचा की नाही, हे इथं आपल्या उंबऱ्याच्या आत ठरवायचं होतं. मला ते जास्त अवघड वाटतं.

पुढे 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही आपलं तळं खुलं केलं, कागदावर. प्रत्यक्षात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. बाबासाहेबांबरोबर आलेल्यांना त्यासाठी मार खावा लागला, आणि गावानं तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. ठराव हवाच होता, त्याच्याच बळावर माणसं तळ्यावर गेली. पण घराघरांतला खिडकीतला कप ठरावानं हलला नव्हता.

एका सकाळी मी मावशींना आमच्यातल्याच कपात चहा दिला.

“ताई, माझा कप कुठंय?”

“हाच.”

त्या काही बोलल्या नाहीत. सासूबाई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा पिऊन मावशींनी कप विसळला आणि सवयीनं खिडकीत पालथा घातला. मी तो उचलून मांडणीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

आता कप मांडणीवर असतो. चहा मात्र त्या अजून उभ्यानंच पितात. मी रोज खुर्ची ओढून ठेवते.