जुनी ढोली, नवा साप

नमस्कार श्रोतेहो.

घरात लेपर्ड गेको, बियर्डेड ड्रॅगन यांसारखे सरडे किंवा बॉल पायथनसारखा साप पाळणारी माणसं जुन्या सामानाकडे ओढली जातातच. कोणाची हौस संपते, कोणी प्राण्याची राहायची पेटी बदलतं, आणि ओंडके, गुहा, प्लॅस्टिकच्या वेली असं सगळं स्वस्तात पुढच्याच्या हाती पडतं. मीही असं सामान घेतो आणि पुढेही घेईन. पण ते पेटीत जाण्याआधी काय करावं लागतं, हे मी माझ्या सापाला त्रास होऊ देऊन शिकलो. म्हणून आज हा विषय.

मी बुचाच्या सालीची एक पोकळ नळी आणली होती. सुंदर, खडबडीत, सापाला लपायला अगदी योग्य. ब्लीचच्या पाण्यात बुडवली, उन्हात वाळवली आणि पायथनच्या पेटीत ठेवून दिली. काही आठवड्यांनी साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसू लागला. दिवसभर, रात्रभर. भांड्याच्या तळाशी पाहिलं, तर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले. ते माइट होते, सापाच्या खवल्यांखाली शिरून रक्त पिणारे बारीक किडे. एक मादी आयुष्यात ६० ते ८० अंडी घालते, आणि तीही अशाच अंधाऱ्या, ओलसर फटींमध्ये. पाण्यात बसून तो बिचारा त्यांच्यापासून सुटका शोधत होता.

चूक कुठे झाली? मी त्या नळीचं वरचं अंग धुतलं आणि आतलं पाहिलंच नाही. बुचाच्या सालीत, लाकडात असंख्य छिद्रं असतात. ब्लीच त्यात खोलवर पोचत नाही. शिवाय वाळलेली विष्ठा, कातीचे तुकडे, माती अशी घाण समोर आली की ब्लीचची ताकद त्या घाणीवरच खर्च होते आणि जंतूंपर्यंत फारसं काही उरत नाही.

म्हणून जंतुनाशक हातात घेण्याआधी नुसतं धुवायचं. गरम पाणी, थोडा साबण, ताठ केसांचा ब्रश, आणि फटींसाठी जुना दात घासायचा ब्रश. दिसणारी घाण पूर्ण जाईपर्यंत घासायचं. हे काम स्वयंपाकाच्या सिंकमध्ये कृपा करून करू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि तो प्राणी धडधाकट दिसत असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि वृद्धांना हा संसर्ग जड जातो. बादली वेगळी, ब्रश वेगळा, हातात मोजे.

पुढचं सगळं वस्तू कशाची आहे त्यावर ठरतं. रेझिनची गुहा, चिनी मातीचं भांडं, टणक प्लॅस्टिक यांसाठी ब्लीच चांगलं. सुगंध न घातलेलं साधं द्रव ब्लीच, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं, आणि वस्तू किमान दहा मिनिटं पूर्ण बुडालेली. मग भरपूर पाण्याने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं. पांढरे क्षार काढायला व्हिनेगर वापरत असाल, तर ते आधी वापरा आणि पूर्ण धुऊन टाका. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरिनचा विषारी वायू सुटतो. अमोनियाशीही ब्लीचची गाठ पडू द्यायची नाही.

फिनेलला मात्र हातच लावू नका. फिनॉल जातीची जंतुनाशकं या प्राण्यांना विषारी असतात. शिवाय साप आणि सरडे जिभेने हवा चाटून टाळूतल्या एका इंद्रियाने वास ओळखतात. आपल्याला जाणवेनासा झालेला वास त्यांना अजून जाणवत असतो.

लाकडाला आणि बुचाला उष्णताच हवी. धुऊन, वाळवून मग ओव्हनमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसवर, जाडीप्रमाणे अर्ध्यापासून दोन तासांपर्यंत. गाभा तापेपर्यंत काम झालेलं नसतं. तेवढा वेळ ओव्हनजवळून हलायचं नाही, कारण शेवटी ते लाकूड आहे. ओव्हनमध्ये मावत नसेल तर वेगळ्या मोठ्या भांड्यात अर्धा तास उकळा. दगड मात्र ना ओव्हनमध्ये ना उकळत्या पाण्यात. आत अडकलेल्या ओलीची वाफ होऊन तो फुटू शकतो. त्याला घासणं, ब्लीच आणि कडक ऊन.

आता मला सगळ्यात जास्त धास्ती असते त्या गोष्टीबद्दल. क्रिप्टोस्पोरिडियम. हा परजीवी विष्ठेतून टणक कवचात बाहेर पडतो, आणि घरगुती ब्लीच त्या कवचाला फारसं काही करू शकत नाही. उकळत्या पाण्यापुढे आणि पूर्ण कोरडेपणापुढे तो टिकत नाही. लेपर्ड गेकोला तो जडला की खाऊनही प्राणी वाळत जातो, जाडजूड शेपटी काडीसारखी होते, आणि खात्रीचा इलाज नाही. म्हणून सामान घेताना मी किमतीआधी विचारतो, यात कोण राहत होतं आणि ते आता कसं आहे? उत्तर टाळलं गेलं, किंवा ‘बारीक होत होत गेलं’ असं ऐकलं, तर तापवता न येणारी एकही वस्तू मी घेत नाही.

काही वस्तू कोणाच्याही असोत, टाकूनच द्याव्यात. फोमच्या भिंती, कापडी झोके, रंगाचे पापुद्रे सुटणाऱ्या गुहा, आतली तार बाहेर आलेल्या वेली. विजेवर तापणारे जुने कृत्रिम दगड तर नकोच नको, त्यांनी पोट भाजलेले प्राणी कमी नाहीत. चिकटपट्टीचा अवशेषही खरवडून काढा. सापाचं कातडं त्याला चिकटलं तर सोलून निघतं.

स्वच्छ झालेल्या वस्तू एकदम सगळ्या ठेवू नका, एकावेळी एक. पहिला महिनाभर तळाला पांढरा टिश्यू कागद अंथरा. त्यावर काळा ठिपका हलला तर लगेच दिसतो. पाण्याचं भांडं रोज उजेडात धरून पाहा.

ती बुचाची नळी मी टाकली नाही. करवतीने उभी चिरली, तेव्हा कुठे आतल्या कपारी पहिल्यांदा डोळ्यांना दिसल्या. खरवडून, घासून, भाजून घेतल्यावर आता तिचे दोन पन्हाळीसारखे भाग झाले आहेत. एक वापरात असतो, दुसरा वाळत असतो, आणि साप पाण्याच्या भांड्यात फक्त पाणी प्यायला जातो.

नमस्कार.